टीव्ही भिंतीवर लागला, आता तो पाठात आणू : जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

शिक्षण सेवक म्हणून रुजू झाल्यावर शाळेत जे डिजिटल साहित्य सापडतं ते साधारण असं असतं : लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून घेतलेला एक टीव्ही, कपाटात बंद पडलेले चार-पाच टॅब, कुठेतरी एक प्रोजेक्टर आणि रिमोट कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. साहित्य आलेलं असतं, पण ते रोजच्या तासात उतरलेलं नसतं. याला शिक्षकांची अनास्था हे कारण फार कमी ठिकाणी असतं. टीव्ही सुरू होऊन हवा तो व्हिडिओ लागेपर्यंत दहा मिनिटं जातात, तेवढ्यात मागच्या रांगेत भांडण सुरू होतं, मग नेट जातं, आणि दोन-तीनदा असं झालं की माणूस पुन्हा खडूकडे वळतो. त्यात चूक काही नाही. त्या दहा मिनिटांची दीड मिनिटं कशी करायची आणि तासातल्या नेमक्या कुठल्या मिनिटांना टीव्ही लावायचा, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

उदाहरणं पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेची घेतली आहेत. वरच्या वर्गांसाठी जिथे वेगळं काही लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजदाद

पहिल्या आठवड्यात नवीन ॲप, नवीन उपक्रम काहीच सुरू करू नका. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, मागून घ्या आणि त्यातली प्रत्येक डिजिटल वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन तपासा. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला यूएसबीची किती खोबणी आहेत, त्यातलं कुठलं चालतं, एचडीएमआय किती आहेत, रिमोटचे सेल कुठल्या मापाचे आहेत, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवा. बदलीवर येणारा पुढचा शिक्षक तुम्हाला दुवा देईल.

टॅब चार्जिंगला लावण्याआधी आडवा धरून बघा. पाठ फुगलेली असेल किंवा काच कडेने उचलली असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. असा टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही आणि मुलांच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. वेगळा काढून मुख्याध्यापकांना लेखी कळवा. जे टॅब सपाट आहेत ते चार्ज करून दोन तास चालवून बघा. दोन तास न टिकणारा टॅब वर्गात उपयोगाचा नाही, पण चार्जरला जोडलेला ठेवून तो परिपाठाच्या गाण्यांसाठी ठेवता येतो.

मग विजेचं बघा. टीव्हीची पिन तीन पायांची असेल तर बोर्डात अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच जुन्या खोल्यांत तिसरं भोक असतं, पण मागे वायर जोडलेली नसते. वीजबिलावर ग्राहक वर्गवारी काय लिहिली आहे तेही वाचा. शाळेचं मीटर व्यापारी वर्गवारीत पडलेलं असेल तर बिल फुगतं, थकतं आणि शेवटी जोडणी तुटते. वर्गवारी दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने द्यावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण वीजच तुटली तर पुढचं सगळं वाया जातं.

टीव्ही कुठे आणि किती उंचीवर

शाळांमध्ये टीव्ही बहुधा फळ्याच्या वर, सहा-सात फुटांवर ठोकलेला दिसतो. चोरी होऊ नये, मुलांचा हात पोचू नये हा विचार त्यामागे असतो, पण बस्करपट्टीवर बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम सव्वादोन-अडीच फुटांवर असतात. पुढच्या ओळीतल्या मुलांच्या माना पाच मिनिटांत दुखतात आणि ती बघणं सोडून देतात. खाली बसणाऱ्या मुलांसाठी टीव्हीची खालची कड तीन ते साडेतीन फुटांवर हवी. बाक असतील तर चार फूट. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावला की काचेत खिडकीच दिसते. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला लागून असलेली आडवी भिंत घ्या, आणि तरीही चकाकी येत असेल तर त्या एका खिडकीला जाड गडद कापड लावा.

४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. चित्र बघायला हा पुरतो. अक्षर वाचायला मात्र तीन-सव्वातीन मीटरच्या पुढे कमी पडायला लागतो, आणि देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं असल्याने आणखी आधी कमी पडतो. म्हणून पडद्यावर मजकूर दाखवायचा असेल तर एका वेळी सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको. पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान पडद्यावर लावून ‘वाचा’ म्हणणं व्यर्थ आहे, पान मुलांच्या मांडीवर आहेच. टीव्हीच्या वेळी मुलांना पुढे सरकवून अर्धगोलात बसवा. शेवटच्या जागेवर स्वतः खाली बसून एकदा वाचून बघा, यापेक्षा चांगली तपासणी नाही.

प्रोजेक्टर असेल तर त्याच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’, म्हणजे भिंतीपासूनचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं प्रमाण, दिलेला असतो. तो १.५ असेल तर दोन मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर भिंतीपासून तीन मीटर लांब लागतो. उजेडाच्या वर्गात ३००० ल्युमेनच्या (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) खालचा प्रोजेक्टर फिका दिसतो. खडूची धूळ हा त्याचा मोठा शत्रू आहे. हवेची जाळी महिन्यातून एकदा काढून मऊ ब्रशने झाडली नाही तर तो तापून मधेच बंद होतो आणि सगळे म्हणतात बिघडला. दिवा असलेला प्रोजेक्टर रिमोटने बंद करायचा, पंखा थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच बटण बंद करायचं.

लाइट गेली तर

एक हिशेब करून ठेवा. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ९०० हाती राहतात. ४३ इंची टीव्हीला साधारण १०० वॉट आणि स्पीकरला २० धरले, इन्व्हर्टरमध्ये जाणारं थोडं वजा केलं, तर सहा तासांच्या आसपास काम होतं. त्याच बॅटरीवर एक पंखा आणि दोन ट्यूब जोडल्या की वेळ निम्म्यावर येतो. म्हणून इन्व्हर्टरची लाइन टीव्हीच्या बोर्डापुरती वेगळी ओढून घ्या, नाहीतर ऑफिसचा पंखा तुमचा तास खाऊन टाकेल. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, दर दोन महिन्यांनी पातळी बघून. हापशाचं पाणी टाकलं की प्लेटा खराब होतात.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून उपसा, डिश किंवा केबलची वायरही टीव्हीपासून सोडवा. वीज पुष्कळदा त्याच वायरने आत येते.

नेट नाही असं धरूनच तयारी

ही सवय लागली की अर्धी लढाई जिंकली. गावात रेंज असली तरी वर्गात नेटवर अवलंबून राहू नका. आदल्या संध्याकाळी, जिथे नेट मिळतं तिथे, उद्या लागणारं सगळं उतरवून घ्या.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या शासनाच्या मोफत शैक्षणिक ॲपमध्ये उघडतात. ॲप टाकताना मंडळ महाराष्ट्र राज्य, माध्यम मराठी आणि आपली इयत्ता निवडा, मग क्यूआरचं चिन्ह दाबून कोडवर फोन धरा. पान चुरगळलं असेल, छपाई पुसट असेल तर कोडच्या खालची सहा अक्षरं-अंक हाताने टाका, तेच पान उघडतं. साहित्य उघडल्यावर डाउनलोड करा म्हणजे वर्गात नेट लागणार नाही. नवे शिक्षक इथे एका ठिकाणी हमखास अडकतात. दीक्षातून ‘शेअर’ करून मिळणारी फाइल दुसऱ्या फोनवरच्या दीक्षातच उघडते. ती पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली तर टीव्हीला काहीच दिसत नाही. दीक्षातलं साहित्य टीव्हीवर दाखवायचं तर फोनचा पडदाच टीव्हीवर घ्यावा लागतो.

फोन टीव्हीला जोडायचे मार्ग आणि त्यातले खड्डे असे :

१. स्क्रीन मिररिंग किंवा स्मार्ट व्ह्यू. टीव्ही आणि फोन दोन्हीत मिराकास्टची, म्हणजे फोन थेट टीव्हीला बिनतारी जोडण्याची सोय असेल तर याला इंटरनेट लागत नाही, राउटरही लागत नाही. आधी टीव्हीवर ‘स्क्रीन शेअर’ उघडायचं, मग फोनवर शोधायचं. उलट केलं की फोनला टीव्ही सापडत नाही.

२. क्रोमकास्ट पद्धतीचं कास्टिंग. यात फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. सहकाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दोन्ही त्यावर जोडा.

३. टाइप-सीपासून एचडीएमआयची वायर. विकत घेण्याआधी थांबा. स्वस्त फोनपैकी बहुतेकांच्या टाइप-सी खोबणीतून चित्र बाहेरच येत नाही, फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. दुकानात तुमचाच फोन लावून चित्र दिसलं तरच पैसे द्या.

४. लॅपटॉप आणि एचडीएमआय. सगळ्यांत भरवशाचं. वायर पाच मीटरपर्यंतच ठेवा, साध्या लांब वायरीत चित्र लुकलुकतं.

५. पेन ड्राइव्ह. सगळ्यांत स्वस्त आणि लहान वर्गांना पुरेसा.

पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ लागत नाही तेव्हा कारण बहुधा ठरलेलं असतं. जुन्या टीव्हीला एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून तो फॅट३२ करा. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण शाळेला एवढी मोठी फाइल लागतेच कुठे! चित्र नाही पण आवाज येतो, असं झालं तर व्हिडिओ बहुधा एच.२६५ या नव्या प्रकारचा आहे, जो जुन्या टीव्हीला कळत नाही. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाजाचा प्रकार टीव्हीला कळत नाही. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातून फाइल एमपी४, एच.२६४, एएसी आवाज अशी करून घेतली की जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर चालते. पीडीएफ बऱ्याच टीव्हींना उघडत नाही. पानांची जेपीजी चित्रं करून टाका.

फाइलींची नावं अशी द्या की रिमोटने पटकन सापडतील : ‘३_गणित_०४_वजाबाकी_१’. इयत्ता, विषय, पाठाचा क्रमांक, विषयांश, भाग. एकअंकी पाठ क्रमांकाआधी शून्य टाकलं नाही तर टीव्ही ‘१०’ ला ‘२’ च्या आधी लावतो. एका पेन ड्राइव्हवर एकच इयत्ता ठेवा आणि त्याची नक्कल घरी ठेवा, कारण शाळेतले पेन ड्राइव्ह हरवतात.

यूट्यूबवरचं दाखवायचं असेल तर ॲपमधल्याच डाउनलोडच्या सोयीने साठवा आणि ऑटोप्ले बंद करा. आपला व्हिडिओ संपल्यावर पुढे काय लागेल याचा नेम नसतो आणि तेव्हा वर्गात तीस जोडी डोळे पडद्यावर असतात. संपूर्ण व्हिडिओ आधी स्वतः बघा, शेवटच्या मिनिटासकट. पुस्तक बदललेल्या इयत्तांचे जुने व्हिडिओ तर जास्तच काळजीने. पाठाचं नाव तेच असतं, आतली रीत बदललेली असते.

टाचणात एक ओळ वाढवा

पाठ टाचणात साहित्याच्या रकान्यात ‘टीव्ही’ एवढं लिहून उपयोग नाही. तिथे तीन गोष्टी लिहा : कितव्या मिनिटाला, किती वेळ, आणि बंद केल्यावर मुलं काय करतील. तिसरी गोष्ट सुचली नाही तर तो व्हिडिओ त्या दिवशी लावूच नका.

लहान मुलांसाठी सलग चार ते सात मिनिटं पुरे. व्हिडिओ बारा मिनिटांचा असेल तर मधे दोन ठिकाणी थांबवायच्या जागा आधीच लिहून ठेवा (‘२:४० – बी कुठे पडलं?’). थांबवल्यावर पडदा काळा करा. थिजलेलं चित्र समोर राहिलं तर मुलांची नजर तिथेच राहते आणि तुमचा प्रश्न ऐकूच जात नाही.

आणि क्रम : जी वस्तू गावात मिळते ती आधी हातात, नंतर पडद्यावर. बैलगाडीचं चाक, मटकीचे मोड, ओढ्यातली वाळू यांचे व्हिडिओ दाखवण्यात वेळ घालवू नका. पडदा लागतो तो जे आणता येत नाही त्यासाठी : ज्वालामुखी, हृदयाची झडप, समुद्राची भरती बघायला मिळत नाही अशा गावात भरती-ओहोटी, किंवा तीन दिवसांत उमलणारं फूल अर्ध्या मिनिटात.

सगळ्यांत कामाचं साधन : फोनचा कॅमेरा

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा यातून जास्त मिळतं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

टेबलावर पुस्तकांचे दोन सारखे ढीग रचा, त्यावर एक लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीवर फोन असा ठेवा की कॅमेरा कडेबाहेर येऊन खाली बघेल. कॅमेरा कागदापासून २५ ते ३० सेंटिमीटर उंच हवा. फोनचा पडदा टीव्हीवर घ्या आणि कॅमेरा उघडा. फोनचं ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर चित्र मधेच फिरतं. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस अडकून राहतो, मग हात मधे आला तरी चित्र धूसर होत नाही. व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा. वर्गासमोर घरचे निरोप झळकायला नकोत.

आता तिसरीचा वजाबाकीचा तास घ्या. फळ्यावर गणित आहे ४०३ वजा १७८. वह्या बघत फिरताना तुम्हाला एका वहीत उत्तर दिसतं ३७५. हे उत्तर अंदाजाने आलेलं नाही. त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे : ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेलं ७, ४ मधून १ गेला ३. वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे त्याने बघितलंच नाही. अशी चूक एकाची नसते, वर्गात आणखी चौघांची तरी असते. ते गणित वेगळ्या कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवा, म्हणजे वही कोणाची ते कळणार नाही, आणि कॅमेऱ्याखाली ठेवा. विचारा : ‘ह्याने ७ कसे आणले असतील?’ मुलं शोधायला लागतात. कोणीतरी म्हणतं, ‘गुरुजी, उलटं केलंय.’ मग त्याच कॅमेऱ्याखाली चार शंभराच्या नोटा आणि तीन सुटे रुपये ठेवा आणि १७८ रुपये द्यायला सांगा. सुटे पुरत नाहीत, दशकाच्या नोटाच नाहीत, म्हणून शंभराची एक नोट मोडून दहा दशक करावे लागतात, त्यातला एक दशक मोडून दहा सुटे. तीस मुलांना एकाच वेळी नोट मोडताना दिसते. उरतात २२५. फळ्यावर ‘हातचा घेतला’ असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते यात होतं, कारण प्रत्येकाला ते जवळून दिसलेलं असतं. शेवटी मुलांनी पाटीवर ५०२ वजा २६७ सोडवून पाट्या वर धरायच्या. २३५ कोणाचं आलं, ३६५ कोणाचं आलं, एका नजरेत कळतं. ३६५ वाली मुलं अजून जुन्याच रीतीत आहेत, त्यांना उद्या वेगळं बसवा.

हाच कॅमेरा सुंदर अक्षराचं वळण दाखवायला, मटकीच्या मोडावरचे केस दाखवायला, नकाशावरची बारीक नदी दाखवायला चालतो.

फोनचा दुसरा उपयोग वाचनाच्या नोंदीचा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या अपेक्षेप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचायला हवेत. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं एक मिनिट वाचन ध्वनिमुद्रित करा, व्हरांड्यात, आवाज कमी असेल तिथे, उतारा न वाचलेला. रोज चार-पाच मुलं घेतली की तीस मुलांचं काम सहा-सात दिवसांत होतं. अचूक वाचलेले शब्द मोजून वहीत लिहा आणि फाइलीला हजेरी क्रमांक द्या. तीन महिन्यांनी मुलालाच त्याचा जूनमधला आवाज ऐकवा, आणि पालक सभेत आई-वडिलांना त्यांच्याच मुलाचा, इतरांसमोर नव्हे.

दोन शिक्षक, चार वर्ग

द्विशिक्षकी शाळेत टीव्हीचं खरं मोल इथे आहे. एका वर्गाला तुम्ही शिकवत असता तेव्हा दुसऱ्या वर्गाला नुसता व्हिडिओ लावून दिला तर तो शिकणं थांबवतो, गोंगाट सुरू करतो, आणि तुमचे दोन्ही वर्ग बुडतात. त्याऐवजी असं करा : तिसरीला सहा मिनिटांचा भाग आणि त्याबरोबर एका कागदावर चार प्रश्न, ज्यांची उत्तरं फक्त बघूनच देता येतील. गटप्रमुखाच्या हातात रिमोट. व्हिडिओ संपला की बंद करायचा ही त्याची जबाबदारी. नंतरची चौदा मिनिटं पाटीवर, वहीत. तेवढ्यात तुमचं चौथीचं शिकवून होतं आणि तुम्ही तिसरीकडे वळता. आवाज दुसऱ्या वर्गाला त्रास देत असेल तर ज्या व्हिडिओत आवाजाची गरज नाही तेच या वेळेला ठेवा.

टॅब चार आणि मुलं सोळा असतील तर एका टॅबला चार मुलं बसवू नका. चौथं मूल कधीच काही करत नाही. आठ मुलं टॅबवर जोडीजोडीने, आठ मुलं साहित्यपेटीवर, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. जोडीत एक सांगणार, एक हात लावणार, आणि अर्ध्यात भूमिका बदलायच्या.

विषयांनुसार काही नेमक्या गोष्टी

भाषेसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर संकेतस्थळ बघा. मराठीत शेकडो सचित्र गोष्टी आहेत, वाचनपातळीनुसार लावलेल्या, मुक्त परवान्याखाली, पीडीएफमध्ये उतरवता येणाऱ्या. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात. तो मासिकाचा १९७१ पासूनचा ठेवा आहे आणि चौथीच्या पुढच्या मुलांना मधल्या सुट्टीत वाचायला याहून चांगलं काय देणार!

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स. बरीच मराठीत आहेत. संकेतस्थळावर डाउनलोडचं बटण दाबलं की एकच फाइल उतरते आणि ती लॅपटॉपवर क्रोममध्ये नेटशिवाय उघडते. टीव्हीच्या स्वतःच्या ब्राउझरवर मात्र भरवसा ठेवू नका. विद्युत परिपथ शिकवताना आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी वायर. नंतर सिम्युलेशनमध्ये शॉर्ट सर्किट करून दाखवा. तिथे बॅटरीवर आग दिसते, जे वर्गात करून बघायचं नसतं.

भूगोलासाठी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर, मोफत आणि ऑफलाइन. एफ६ दाबून आपल्या गावाचं ठिकाण द्या, एफ५ दाबून आज रात्री आठची वेळ द्या. पश्चिमेला काय दिसेल, चंद्र कुठे असेल ते मुलांनी वहीत काढायचं आणि रात्री अंगणात जाऊन ताडून बघायचं. शहरातल्या शाळांना न मिळणारा काळाशार अंधार तुमच्या गावात आहे, तो वापरा. नकाशासाठी गूगल मॅप ऑफलाइन साठवला तरी उपग्रहाची चित्रं त्यात साठत नाहीत. म्हणून शाळेचं छप्पर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी पाच छायाचित्रं नेट असताना स्क्रीनशॉट काढून ठेवा.

स्वतःचे क्यूआर कोडही करता येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा जो वापर केला त्याची दखल २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझने घेतली. कोड करताना ‘स्टॅटिक’ प्रकारच निवडा, ज्यात पत्ता कोडमध्येच कायमचा असतो. मोफत म्हणवणाऱ्या काही संकेतस्थळांवरचे ‘डायनॅमिक’ कोड मुदत संपली की बंद पडतात आणि भिंतीवर रंगवलेले तुमचे तीस कोड वाया जातात. भिंतीवर रंगवण्याआधी कागदावर छापून दोन वेगवेगळ्या फोनने तपासा, कडेला पांढरी जागा सोडा.

वरच्या वर्गांत झटपट चाचणीसाठी प्लिकर्स या ॲपची कोड छापलेली कागदी कार्डं चांगली. मुलाने कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते त्याचं उत्तर, आणि एका फोनने सगळा वर्ग टिपला जातो. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही.

मराठी टाइप करताना

जुन्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की भलत्याच खुणा दिसतात, हे अनेकांनी सोसलं आहे. नवीन सगळं युनिकोडमध्ये करा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच दिसतील. फोनवर बोलून टाइप करण्याची मराठी सोय आता चांगली आहे, पण अनुस्वार, विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांखालून घाला. पडद्यासाठी मुक्त किंवा बलू हे मोफत फॉन्ट ठसठशीत दिसतात. दुसऱ्याच्या यंत्रावर दाखवायचं असेल तर नेहमी पीडीएफ किंवा चित्र करून न्या.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून सरावपत्रिका करून घेता येते आणि वेळ वाचतो. पण त्यातलं प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघा, आणि वाक्यं मोठ्याने वाचा. हिंदी वळणाची वाक्यं, चुकीची लिंगं आणि गावात कोणी न बोलणारे शब्द त्यात असतात. पहिलीच्या मुलासमोर ते गेलं तर ते त्याला बरोबर वाटतं.

मुलांची माहिती

मुलांचे फोटो, आधार क्रमांक, जन्मतारखा शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सर्रास फिरतात. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. प्रवेशाच्या वेळीच फोटोसाठी लेखी संमती घ्या आणि ज्या पालकांनी नाही म्हटलं त्यांची यादी मोबाइलमध्ये ठेवा. चुकीची वही, कमी गुण, अनवाणी पाय, फाटका गणवेश दिसेल असा एकही फोटो कुठेही टाकू नका. पालकांच्या गटात संदेश फक्त ॲडमिनने टाकायचा अशी सेटिंग ठेवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या घरी निरोप मुलाच्या वहीतूनच जाऊ द्या. फोनवरून गृहपाठ देण्याची सवय लागली की हीच मुलं मागे पडतात.

सुट्टी लागताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत पडून राहिलेल्या साहित्यापैकी बरंचसं जूनमध्ये सुरू होत नाही. कुलूप लावण्याआधी टॅब निम्मे, म्हणजे ५० ते ६० टक्के चार्ज करून बंद करा. पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात पडून खराब होते. ते पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र महिन्यातून एकदा कोणीतरी चार्ज करायला हवी, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीतल्या गावातल्याच एका सदस्याला चावी आणि तारीख लिहून द्या. वायरी गुंडाळून पत्र्याच्या डब्यात बंद करा, उंदीर प्लास्टिकच्या डब्यातही शिरतात. टीव्हीची काच कोरड्या मऊ कापडाने पुसून सुती कापडाने झाका. सॅनिटायझर किंवा काच पुसायचं द्रावण तिच्यावर मारायचं नाही. जूनमध्ये मुलं यायच्या दोन दिवस आधी एकेक वस्तू पुन्हा लावून बघा आणि पहिल्या आठवड्यातल्या त्या कागदावर नवी तारीख घाला.